पांढऱ्या टेकडीची डेझी

फेलिसा ओलाबेला फूल दाखवायचं नाही, हा आमच्या टुली क्रीक गावाचा अलिखित नियम आहे. गेल्या वर्षी फादरनी हौसेनं वेदीवर रानफुलांचा गुच्छ ठेवला. प्रार्थना संपेपर्यंत बाई गप्प बसली, मग पुढे गेली आणि गुच्छातली अर्धी फुलं उपसून बाकावर ठेवली. ही परदेशातून आलेली, ही मेंढ्यांना विषारी, आणि ही तर कागदाची आहे फादर, म्हणाली. फादर बिचारे नवीन होते. आता ते मेणबत्त्यांवरच भागवतात.

मी तिची कुंपणापलीकडची शेजारीण, शाळेची बस चालवते. गाव तिला इझेको म्हणतं. त्यांच्या बास्क भाषेत आत्या म्हणा, मावशी म्हणा, सगळं त्यातच आलं. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात डाव हलवला, निवृत्त झाली आणि सरकारी कुरणखात्यानं रानफुलांची यादी करायला माणसं मागवली तेव्हा पहिलं नाव हिनं दिलं. तेव्हापासून गळ्यात क्रूस आणि त्याच साखळीत एक छोटं भिंग. चालताना दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि टिकटिक आवाज येतो. बाई येतेय हे आधी कळतं, पळायला वेळ मिळतो.

मी एकदाच पळू शकले नाही. कुंपणाशी दोन पांढरी फुलं उगवली होती, त्यांना मी "डेझी" म्हणाले. तिनं मला पाऊण तास उन्हात उकिडवं बसवलं.

"डेझी म्हणजे कुठली डेझी, जोलीन? तोंडं सगळ्यांची सारखीच असतात. फूल उलटं कर. बूड बघ."

मी म्हटलं, बूड बघून ओळखायची सवय मला आहे, पण ती माणसांच्या बाबतीत. ती हसली नाही. भिंग माझ्या डोळ्याला लावून तिनं दाखवलं. पाकळ्यांच्या खाली हिरवी खवलं असतात. आपल्या सेजब्रशच्या झुडपी रानात सगळीकडे दिसते त्या केसाळ डेझीची खवलं एका ओळीत, एका उंचीची, शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखी. पण आणखी एक आहे. ती जमिनीला चिकटून बसते, देठ जवळजवळ नाहीच, आणि तिची खवलं कौलांसारखी एकावर एक, चार-पाच थरांत. ती फक्त पांढऱ्या राखमातीत येते. दहा वर्षं फेलिसा हा सगळा मुलूख पायाखाली घालत होती. तशी माती तिला एकाच ठिकाणी सापडली, पांढऱ्या टेकडीवर.

मला काय करायचंय, असं मी मनात म्हटलं आणि घरी जाऊन पाय चोळत बसले.

हिच्या आणखी एका सवयीला आम्ही हसायचो. तिच्याकडून निघालात की ती दारात येऊन उभी राहायची आणि तुम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत हलायची नाही. हिवाळ्यात, बर्फात, अंगात ताप असतानाही. माझी बस वळली तरी आरशात तिचं दार उघडं दिसायचं. लग्नाला दोघे तयार होते, दोघेही मेंढ्यांवर जाणारे, महिनोन्महिने डोंगरात. दोघांनाही तिनं नाही म्हटलं. का, ते गावाला ठाऊक होतं. गावानंच तर ते शिजवलं होतं.

तिचा बाप, अनास्तासियो, सगळ्यांचा तासियो. सत्तावन्न सालच्या मे महिन्यात तो दोन हजार मेंढ्या घेऊन उत्तरेच्या उन्हाळी कुरणांकडे निघाला होता. दर मंगळवारी प्रुदेन नावाचा माणूस खेचरांवर त्याला शिधा पोचवायचा आणि परतताना तंबाखूच्या डबीत घालून एक फूल आणायचा. बापाला लिहिता येत नव्हतं. यंदा कळप कुठवर पोचला हे सात वर्षांच्या फेलिसाला फुलावरून कळायचं. त्या मंगळवारी प्रुदेननं डबी दिली आणि निरोप सांगितला: तासियो म्हणतो, पोरीला भाऊ नाही म्हणून तिच्यासाठी एक दगडी पोरगा रचतोय. फूल त्याच्याच पायाशी उगवलंय. अंग झालं, आता खांद्यांना चपट्या शिळा हव्यात.

दगडी पोरगे आमच्याकडे डोंगरात पुष्कळ आहेत. मेंढपाळाला महिनाभर बोलायला कुणी नसतं, मग तो दगडावर दगड चढवून माणूस करतो आणि त्याच्याशी बोलतो. ते पाडायचे नाहीत. वाटेनं जाणाऱ्यानं एक दगड घालून पुढे जायचं, म्हणजे तो पडत नाही आणि रचणाऱ्याची आठवण राहते. धुळीचा वारा सुटला की लांबून ते खरोखर कुणीतरी वाट बघत उभं राहिल्यासारखे दिसतात. माझा नवरा कुणालाच घाबरत नाही, मलासुद्धा नाही. तोही त्यांच्याकडे पाठ करून डबा खात नाही.

त्याच शुक्रवारी मेंढ्या उत्तरेला, अस्पेनच्या झाडांमधल्या ओढ्यावर, एकट्या सापडल्या. मेंढ्यांबरोबर त्याची कुत्री बेल्चा होती. तासियो नव्हता. ओढ्याकाठी एक अर्धवट दगडी पोरगा उभा होता, कमरेपर्यंतच. निरोपातला पोरगा तो हाच, असं सगळ्यांनी धरलं. माणसांनी आठ दिवस त्या ओढ्यापासून वर, आणखी वर शोधलं. मागे कुणी गेलं नाही. मेंढपाळ मागे जात नसतो. मागचं गवत खाऊन झालेलं असतं, तिकडे त्याचं काय काम? बेल्चा मात्र दक्षिणेकडे ओढत राहिली. तीनदा पळाली, तीनदा धरून आणली आणि शेवटी ट्रकला बांधून ठेवली. जनावर बिथरलंय, म्हणाले.

आता माझ्या घरची गोष्ट, जी मी आयुष्यभर मोठ्या चवीनं सांगत आले. माझी आई, आर्डिथ, तेव्हा सतरा वर्षांची होती आणि बस थांब्यावरच्या खाणावळीत गल्ल्यावर बसायची. पोलीस विचारायला आले तेव्हा ती म्हणाली, काळ्या गोल टोपीतला एक माणूस गुरुवारी दक्षिणेच्या बसमध्ये चढताना पाहिला. एवढंच. काळी गोल टोपी अर्ध्या गावाच्या डोक्यावर होती. पण दुसऱ्यांदा सांगताना टोपीवाल्याच्या हातात पेटी आली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत शेजारच्या आसनावर एक बाई आली. पुढे मी शाळेत ही गोष्ट सांगायला लागले तेव्हा त्या बाईच्या हातात लाल हातमोजे आले. ते मी घातले. बाराव्या वर्षी मला लाल हातमोजे हवे होते आणि कुणी घेऊन देत नव्हतं.

तर तासियो ओलाबे बायको-पोरीला सोडून पळाला, हे असं ठरलं.

त्याची बायको युलालिया त्यानंतर सहासष्ट वर्षं जगली. नवऱ्याचं नाव तिनं पुन्हा उच्चारलं नाही. गेल्या हिवाळ्यात, पंच्याण्णवाव्या वर्षी, ती गेली. जाण्याआधी मुलीला एकच बजावून गेली: माझ्या थडग्याच्या दगडावर शेजारी त्याचं नाव नको. तो डोंगरातच राहिला हे मला कुणी दाखवलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

मेच्या शेवटच्या सोमवारी आमच्याकडे सगळं गाव दफनभूमीत फुलं घेऊन जातं. त्याच्या आत दगड बसायला हवा होता. दगड कोरणारा दर आठवड्याला फोन करायचा, एक नाव की दोन? एक कोरलं तर मधोमध येईल, मग शेजारी जागा उरणार नाही. फेलिसा त्याला म्हणायची, पुढच्या आठवड्यात सांगते. एप्रिल गेला, मे निम्मा सरला. तिचं जेवण सुटलं. पाव भाजायची, पहिला तुकडा कुत्र्याला द्यायची, त्यांच्यात तशीच रीत आहे, उरलेला सगळा माझ्याकडे पाठवायची. मी जाड व्हायला लागले तेव्हा लक्षात आलं की ती काहीच खात नाही.

एका सकाळी तिनं मला कुंपणावरून हाक मारली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तंबाखूची डबी होती. आईच्या ट्रंकेत, तळाच्या कागदाखाली सापडली होती. आत एक डेझी. म्हणजे डेझीच असणार, कारण तिचा रंग आता चहाच्या पत्तीसारखा झाला होता आणि पाकळ्या आत वळून सुतळीसारख्या झाल्या होत्या.

"लहानपणी एकदाच पाहिली," ती म्हणाली. "मग आमानं काढून घेतली." आमा म्हणजे आई.

मी म्हटलं, बरं मग, बघ की बूड. तिच्यानं होत नव्हतं. वाळलेलं फूल आहे तसं उलगडलं तर चुरा होणार. भिजवलं तर मऊ होईल, खवलं उघडतील, पण मग ते पहिल्यासारखं राहणार नाही. बापाच्या हातची तेवढीच वस्तू जगात उरली होती. आणि खवलं एका ओळीत निघाली तर? साधी केसाळ डेझी ओढ्यावरही येते, रस्त्याकडेलाही येते, माझ्या कुंपणाशीही. मग अस्पेनच्या ओढ्यावरचा तो अर्धवट पोरगाच तिचा भाऊ, अर्धा टाकून दिलेला. आणि बाप बसमध्ये.

मला काहीतरी विनोद करायचा होता. सुचला नाही. मीच किटली ठेवली. बशीत कोमट पाणी घातलं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला. हे तिनंच कधीतरी शिकवलं होतं. फूल मात्र तिनंच सोडलं. आम्ही दोघी बशीकडे बघत बसलो. भिंतीवरचं घड्याळ तिच्या आईचं होतं आणि ते पुढे चालायचं. वीसेक मिनिटांनी पाणी पिवळसर झालं, फूल फुगलं, जणू आत्ताच खुडलंय. तिनं सुईनं ते उलटं केलं आणि भिंग लावलं.

मग भिंग मला दिलं.

मला फुलातलं काही कळत नाही. पण कौलं मला कळतात. एकावर एक, चार थर, कडेला पातळ पांढरी झालर. आणि देठ नव्हताच.

"मागे गेला होता तो," फेलिसा म्हणाली.

पांढरी टेकडी ओढ्यापासून आठ मैल दक्षिणेला, मंगळवारी प्रुदेन शिधा घेऊन गेला त्या तळापासूनही चार मैल मागे. कळप तिथून आधीच पुढे गेला होता. तो मागे गेला होता ते फक्त त्या पोराचे खांदे पुरे करायला.

पांढऱ्या टेकडीचा पोरगा कुणाला माहीत नाही? गाडीनं जवळ जाता येतं असा तो एकच. तो कुणी रचला, कधी, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. दर मे महिन्यात आम्ही तिथे सहलीला जातो, लाल घेवड्याचं कालवण आणि पाव खातो, आणि प्रत्येकजण एकेक दगड ठेवतो. वर हात पोचावा म्हणून पायथ्याशी एक सपाट शिळा आहे, तिला आम्ही पायरी म्हणतो; वरून घसरलेले दगड तिच्याभोवतीच साचतात. पोरगा उंच, पण बाटलीसारखा, खांदे नसलेला. त्यावरून माझे विनोद ठरलेले. फेलिसा दरवर्षी नदीतला एक पांढरा गोटा घेऊन यायची. आठव्या वर्षापासून, एकही वर्ष न चुकता.

त्याच दुपारी मी बस तशीच वळवली. वारा होता, सेजब्रशचा कडवट वास गाडीच्या आत येत होता आणि ती खिडकीतून बाहेर न बघता हातातल्या बशीकडे बघत होती. बशी तिनं घरी ठेवायला नकार दिला होता. टेकडीवर कुणी नव्हतं. पोरगा कड्याला पाठ लावून उभा होता. त्याच्या पायाशी पांढऱ्या मातीत डेझी फुलल्या होत्या, जमिनीवर सांडल्यासारख्या.

मी सवयीनं पायरीवर चढले आणि दगड ठेवला. फेलिसा खाली पालथी झोपली होती, भिंग डोळ्याला, एक ताजं फूल आणि बशीतलं फूल शेजारी धरून. तीच, म्हणाली. मग तिनं मान वर करून कड्याकडे पाहिलं. वर, दोन माणसांच्या उंचीवर, खडकात एक चौकोनी खाच होती. मीही पाहिली. मी ती दरवर्षी पाहत आले होते. खाच जेवढी लांब, जेवढी रुंद, तेवढीच माझ्या पायाखालची शिळा होती. एका खांद्यापुरती.

ती सरपटत आणखी पुढे गेली. शिळेच्या कडेखाली, जिथे पाऊसपाण्यानं माती धुपली होती आणि फुलं दाटीनं उगवली होती, तिथे तिनं भिंग नेलं आणि तिथेच धरून ठेवलं.

"जोलीन," ती अगदी हळू म्हणाली, "पायरीवरून खाली उतर."

मी उतरले. तिनं सरकून जागा दिली. भिंगातून मला कुजून काळ्या पडलेल्या चामड्याची एक कड दिसली आणि त्यात गंजलेल्या खिळ्यांची ओळ, टाचेच्या वळणानं गेलेली.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले, शिळा उचलायचे जॅक आले, एक डॉक्टर आली. आधी शिळेभोवतीचा ढीग हलवायचा होता. आम्ही दगडी पोरगा कधी पाडत नाही, पण पोराला हात लावायची गरजच नव्हती. ढीग त्याच्या पायाशी होता, सहासष्ट वर्षांचा. गावातले वीसेक जण आले आणि एकेक दगड हातोहात खाली देत गेले. लोक दगडांवर खिळ्यानं नाव ओरखडतात. वरच्या थरात मुलं, मग आम्ही, मग आमचे आईबाप. मध्येच एखादा थांबायचा, हातातला दगड वाचायचा आणि न बघता पुढे द्यायचा. पांढरे गोटे फेलिसा वेगळे ठेवत होती. मी मोजले नाहीत.

जवळजवळ तळाशी, पन्नासच्या दशकातल्या दगडांत, एक माझ्या हातात आला. "आर्डिथ, ५८." माझ्या आईनं तो माणूस बसमध्ये चढवला आणि वर्षभरानं सहलीला येऊन त्याच्यावर दगड ठेवला. त्याला कुणी पुरलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून पुरला होता, दरवर्षी थोडा थोडा, कालवण खाऊन.

शिळेखाली तो होता. चाकूच्या मुठीवर त्याची अक्षरं होती. डॉक्टर म्हणाली, शिळा आली तेव्हा कळलंही नसेल. डॉक्टर लोक असं म्हणतातच.

थडग्याच्या दगडावर दोन नावं कोरली गेली. सोमवारी सगळं गाव फुलं घेऊन आलं आणि फेलिसानं कुणाचंही फूल तपासलं नाही, प्लास्टिकचीसुद्धा तशीच राहू दिली. तिनं स्वतः फक्त ती बशीतली डेझी आणली होती, पुन्हा वाळवलेली. दोन नावांच्या मधल्या खाचेत ठेवली.

मी तिला घरी सोडलं. उतरताना ती थांबली.

"ते लाल हातमोजे," ती म्हणाली, "ते आर्डिथनं सांगितले नव्हते. आधीच्या वर्षांत नव्हते ते."

मी खोटं बोलू शकले असते. चाळीस वर्षांचा सराव होता.

"माझे होते, इझेको. मी घातले."

तिनं मान हलवली. "मला वाटलंच. आमा शेवटपर्यंत ते हातमोजे शोधायची. चर्चमध्ये, दुकानात. कुणीही बाई आली की आधी हातांकडे बघायची."

मग तिनं पिशवीतून माझ्या आईचा दगड काढून माझ्या हातात दिला. तुझ्या घरचा आहे, तू ठेव, म्हणाली.

मी तो आता फोनशेजारी ठेवलाय. लोक अजून विचारतात, बरं, मग तो टोपीवाला कोण होता? बसमध्ये कुणीतरी चढलंच होतं ना? असेल. कुणाच्या तरी घरी त्याचीही वाट बघत असतील. पूर्वीची मी असते तर आत्तापर्यंत त्याला नाव, गाव आणि दोन बायका दिल्या असत्या. दगड दिसतो आणि मी म्हणते, माहीत नाही.

तिनं दगड दिला त्या दिवशी मी बस वळवली आणि सवयीनं आरशात पाहिलं. मी वळणावर पोचायच्या आधीच फेलिसाचं दार लागलं होतं. वाट बघणं संपलं म्हणून लावलं, की माझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून, हे मला आजवर कळलेलं नाही. पाव मात्र येतो. पहिला तुकडा कापलेला असतो.